मनगट नको, सही बघा

नेत्याचं घड्याळ किती लाखांचं, जोडे कुठल्या कंपनीचे, मुलीच्या लग्नात किती पंगती उठल्या, बंगल्याच्या पडद्यांवर किती उडवले, हा वाद दर दोन-चार महिन्यांनी नव्यानं पेटतो. एका बाजूचे लोक फोटो मोठा करून घड्याळाची किंमत शोधतात. दुसऱ्या बाजूचे आपल्या नेत्याचा उसवलेला सदरा आणि एसटीच्या बाकावरचा जुना फोटो पुढे करतात. आठवड्यात दोघंही दमतात आणि विषय मिटतो. या वादामागचं गृहीतक खोटं नाही. माणूस पैसा कुठे सोडतो आणि कुठे आखडतो, यावरून त्याला काय मोलाचं वाटतं ते कळतं, आणि नेताही माणूसच. चुकतं ते बघण्याच्या जागेत. नेत्याच्या खिशातून जाणारा पैसा हा त्याच्या एकूण खर्चाचा नगण्य तुकडा असतो. त्याच्या सहीनं जाणारा पैसा त्याच्या हजारो पट. तेव्हा मूल्यं शोधायची तर मनगट सोडून सहीकडे बघायला हवं. आणि सहीकडे बघतानाही रकमेला सर्वांत शेवटी हात घालावा. पैसा कुणाचा होता, तो देताना कुणाला रांगेत मागे ढकललं, आणि खर्च कुठल्या वहीत लिहिला, हे आधी विचारावं.

जागा चुकली की काय होतं याचं ढळढळीत उदाहरण फिलिपिन्सचं आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस दांपत्य राजवाडा सोडून हवाईला पळालं आणि इमेल्डाबाईंच्या जोड्यांची कपाटं जगानं पाहिली. आधी ३,००० जोड म्हणून बोभाटा झाला, मोजणीत आकडा हजाराच्या आसपास भरला. आजही मार्कोस म्हटलं की लोकांना जोडेच आठवतात. पण त्या राजवटीनं लुटलेल्या संपत्तीचा अंदाज ५ ते १० अब्ज डॉलरचा आहे आणि त्यात जोड्यांचा वाटा काहीच नाही. १९६८ मध्येच झुरिकच्या बँकेत विल्यम सॉन्डर्स आणि जेन रायन या बनावट नावांनी खाती उघडली होती. १९७० च्या दशकात नारळ उत्पादकांच्या खोबऱ्यावर उपकर बसवला गेला, ‘तुमच्याच भल्यासाठी’ असं सांगून, आणि त्या पैशातून मार्कोसच्या मर्जीतल्या माणसांच्या हाती एक आख्खी बँक गेली. या उपकराची वही राजवाड्यात नव्हती, त्यामुळे तिचा फोटो निघाला नाही. जोडे मात्र मारिकिनाच्या संग्रहालयात जाऊन पर्यटकांचं आकर्षण झाले, आणि २०२२ मध्ये त्याच दांपत्याचा मुलगा निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला. लोकांचा राग खरा होता, पण तो जोड्यांवरच खर्च झाला.

यावर विरोधी बाजूचा पहिला मुद्दा वजनदार आहे आणि तो टाळता येत नाही. वैयक्तिक खर्च छोटा असला तरी तो स्वभावाची खूण असतो. ज्याला स्वतःची हाव आवरत नाही तो राज्याची तिजोरी काय आवरणार? शिवाय वरचा जसा वागतो तसं खालचं कार्यालय वागतं. मंत्र्यानं दौऱ्यात दहा गाड्यांचा ताफा घेतला की प्रांताधिकाऱ्याला दोन गाड्या कमी वाटू लागतात. हे सगळं मान्य. पण मग अशा प्रकरणांत लोकांना नेमकं काय खुपलं ते नीट बघू. १९९५ मध्ये स्वीडनच्या उपपंतप्रधान मोना सालिन यांना पद सोडावं लागलं, कारण सरकारी कार्डावर त्यांनी खासगी खरेदी केली होती. त्यात दोन टॉब्लेरोन चॉकलेटं होती म्हणून प्रकरणाला तेच नाव पडलं. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका खासदारानं बदकांच्या तरंगत्या घरासाठी १,६४५ पौंडांचा दावा लावला. तो मंजूरही झाला नव्हता, तरी त्याची कारकीर्द संपली आणि खासदारांच्या भत्त्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. दोन्हीकडे रक्कम किरकोळ होती. लोक खवळले ते आपलं आणि जनतेचं यांतली रेघ पुसली गेली म्हणून. उलट २००६ मध्ये राष्ट्रपती कलामांचे पन्नासेक नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहून गेले आणि त्यांनी राहण्या-जेवण्याचे ३ लाख ५२ हजार रुपये स्वतःच्या खात्यातून भरले, असं त्यांच्या सचिवांनी नोंदवलं आहे. नातेवाईक आले, जेवले, हिंडले. तिथे काटकसरीचा प्रश्नच नव्हता. बिल कुणाच्या नावे फाडायचं, एवढाच प्रश्न होता. म्हणजे वैयक्तिक खर्चाची प्रकरणं जिथे खरोखर महत्त्वाची ठरतात, तिथेही साधेपणा हा निकष नसतोच.

ही रेघ आपल्याकडे नवी नाही. होळकरांच्या कारभारात दौलतीचा खजिना आणि खासगी यांचे हिशेब वेगळे असत. खासगीला स्वतंत्र उत्पन्नाची गावं लावून दिलेली होती. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीच्या उत्पन्नातून. आज त्यांच्या साधेपणाची, पांढऱ्या लुगड्याची चित्रं सगळीकडे लागतात. पण महेश्वरच्या कारभारातून आजच्या मंत्र्यानं काही उचलायचं असेल तर ते लुगडं नव्हे, दोन वह्या. देवळासाठी पैसा दिला तर तो कुठल्या वहीतून, हा प्रश्न आज कुठल्या लोकार्पणाच्या फलकावर सापडतो?

साधेपणाची कसोटी किती तोकडी आहे हे शिवाजी महाराजांच्या दोन खर्चांत दिसतं. १६७० च्या दशकातलं, चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. भाजीच्या देठाचं वाक्य म्हणून जे लोकांच्या तोंडी आहे ते याच पत्राच्या आशयातून आलेलं. पण पत्र मुळात खर्चाच्या नियोजनाचं आहे. पावसाळ्यासाठी दाणा-वैरणीची बेगमी केलेली आहे. आत्ताच मनाला येईल तशी उधळली तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, गवत, भाकर आणू लागतील, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. उंदरानं पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी जळतील, इतक्या तपशिलापर्यंत ते पत्र जातं. आणि गवताच्या काडीचा हिशेब ठेवणाऱ्या याच राजानं त्याच सुमारास, ६ जून १६७४ ला, रायगडावर असा राज्याभिषेक केला की खर्चाचे बखरीतले आकडे इतिहासकारांना अतिशयोक्त वाटतात. तरी खर्च प्रचंड होता याबद्दल वाद नाही. आजच्या वादातली मोजपट्टी लावली तर हा माणूस चिपळुणात काटकसरी आणि रायगडावर उधळ्या ठरतो, आणि हे निष्कर्ष निरर्थक आहेत. दोन्हीकडे सूत्र एकच होतं. सिंहासनाविना हे राज्य बंडखोर जहागीरदाराचं मानलं जात होतं. अभिषेकानं सनद, दान, तह करण्याचा अधिकार स्वतःच्या नावानं मिळाला. आणि छावणीतली उधळपट्टी थेट कुणब्याच्या घरातून वसूल झाली असती. खर्च मोठा की छोटा हे त्यानं पाहिलं नाही. न मोजलेल्या खर्चाचं बिल कुणाच्या दारात जातं ते पाहिलं.

बडोद्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. खंडेराव गायकवाडांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या आणि १८७५ मध्ये ते पदच्युत झाले. त्यांच्या जागी मालेगावजवळच्या कवळाण्याचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. या सयाजीरावांच्या नावावरही लक्ष्मी विलाससारखा राजवाडा आहे, जडजवाहीर आहे, युरोपच्या वाऱ्या तर इतक्या की संस्थानिकांच्या परदेशप्रवासाला वेसण घालणारं व्हाइसरॉय कर्झनचं १९०० चं परिपत्रक त्यांना उद्देशूनच आहे असं बोललं गेलं. फोटोवरून न्याय करायचा तर तिन्ही गायकवाड एकाच माळेचे मणी. हिशेबाच्या वह्या मात्र वेगळं सांगतात: १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात, १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून गावोगाव वाचनालयं, १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड. ग्रंथालयांची कल्पना तर परदेशवारीतूनच आलेली, म्हणजे ज्या खर्चावर टीका झाली त्याचाच तो परतावा. राजवाडा होता म्हणून सयाजीराव माफ, असं मी म्हणत नाही. एका संस्थानाला एवढा राजवाडा लागतो का, हा प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर राजवाड्याच्या खोल्या मोजून निघत नाही. शाळा-वाचनालयांवरचा खर्च वाईट वर्षीही टिकला का, हे बघून निघतं.

या संदर्भात सर्वांत नेमका युक्तिवाद गांधींनी केला, आणि तोच आपण विसरलो. २ मार्च १९३० ला, दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, व्हाइसरॉय आयर्विनना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिशेब मांडला: तुम्हाला महिन्याला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० हून अधिक, भारतीय माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांपेक्षाही कमी, म्हणजे तुम्ही त्याच्या ५,००० पटींहून जास्त घेता. पण खरी मेख पुढेच आहे. त्याच पत्रात ते म्हणतात की तुम्हाला या पगाराची गरजही नसेल, कदाचित तो सगळा तुम्ही दानधर्मात देत असाल; पण असा पगार ठरवणारी व्यवस्था मोडीत काढण्याच्याच लायकीची आहे. म्हणजे आयर्विन साधे की चैनी, हा प्रश्न गांधींनी स्वतःच बाजूला सारला. पगार आणि सरासरी कमाई यांचं प्रमाण, आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाला, यावर बोट ठेवलं. पुढच्या वर्षी कराचीच्या अधिवेशनात पगाराला ५०० रुपयांची मर्यादा घालणारा ठराव झाला आणि १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, मुंबईत बाळासाहेब खेरांचं, तेव्हा मंत्र्यांनी ५०० रुपयेच घेतले. (घर आणि गाडीचा भत्ता वेगळा होता, हेही सांगायला हवं. तेव्हापासूनच पगार कमी दाखवून बाकीचं भत्त्यात घालण्याची वाट खुली राहिली.) गांधींच्या साधेपणावर सरोजिनी नायडूंच्या नावे सांगितला जाणारा टोमणा सर्वांना माहीत आहे, की बापूंना गरिबीत ठेवायला फार खर्च येतो. टोमणा खरा आहे. तिसऱ्या वर्गाचा डबा मिळवणं, सोबतच्या माणसांची व्यवस्था, हे सगळं महाग पडे. आज एखाद्या मुख्यमंत्र्यानं लोकलनं प्रवास करायचं ठरवलं तर बंदोबस्त, रिकामे केलेले फलाट आणि खोळंबलेले प्रवासी यांचा खर्च गाडीच्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त होईल. म्हणूनच व्यक्तीच्या साधेपणापेक्षा प्रमाणाचा प्रश्न टिकाऊ आहे.

मग पगारच कमी ठेवावेत का? इथे सिंगापूरचं उदाहरण देतात आणि ते देण्यासारखं आहे. १९९४ पासून तिथे मंत्र्यांचे पगार खासगी क्षेत्रातल्या वरच्या कमाईशी जोडले. २०१२ मध्ये जनक्षोभानंतर पंतप्रधानांचा पगार ३६ टक्क्यांनी कापला तरी तो वर्षाला २२ लाख सिंगापुरी डॉलर राहिला. आपल्याला हे ऐकून भोवळ येते. पण त्या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी, की सगळं पगारात, बाहेर काही नाही. आपल्याकडे उलट. पगाराचा आकडा छोटा, आणि बंगला, गाड्या, वीज, फोन, प्रवास, स्वीय सहायक, मग निवृत्तिवेतन, असं सगळं वेगवेगळ्या शीर्षांखाली विखुरलेलं. सिंगापूरचा आकडा इथे आणावा असं माझं मत नाही. गांधींचं प्रमाण तिथेही मोडतं. पण मोठा आणि उघड खर्च हा छोट्या आणि विखुरलेल्या खर्चापेक्षा कमी धोकादायक, हे कबूल करायला हवं.

आता सर्वांत खरा आक्षेप. घड्याळ दिसतं, अर्थसंकल्प दिसत नाही. सामान्य माणसाला जे तपासता येतं तेच तो तपासणार. बाकीच्या चोपड्या समजायला सनदी लेखापाल लागतो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचायला थोडा सराव लागतो, विद्वत्ता लागत नाही. प्रत्येक खर्चाला चार आकडी प्रधानशीर्ष असतं आणि ते देशभर सारखंच: २०१३ मंत्रिपरिषद, २२२० माहिती व प्रसिद्धी, २२०२ शिक्षण, २२१० आरोग्य, २०४९ व्याज. प्रत्येक शीर्षापुढे चार स्तंभ असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणात येतो तो चौथा स्तंभ. मूल्यं दिसतात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभातल्या फरकात. पैसा कमी पडला तेव्हा आधी काय कापलं? आरोग्याचं बांधकाम, की प्रसिद्धी? चारपाच वर्षांचे हे दोन स्तंभ शेजारी ठेवले की सरकारचा स्वभाव कळतो, पक्ष कोणताही असो.

सापळेही आहेत. मंत्र्यांचा खर्च म्हणून कुणी फक्त २०१३ उघडलं तर आकडा हास्यास्पद छोटा दिसेल, कारण बंगल्याची डागडुजी तिथे नसते, ती सार्वजनिक बांधकामाच्या शीर्षांखाली जाते. कार्यक्रमाचा मांडव, तात्पुरतं हेलिपॅड, रस्त्यावरची रातोरात केलेली डांबरी ठिगळं हेही तिकडेच. जाहिरातींचंही तसंच: २२२० खाली सगळं सापडेल असं समजू नये. जवळजवळ प्रत्येक योजनेच्या पोटात प्रचार-प्रसिद्धीची तरतूद असते, आणि महामंडळं व प्राधिकरणं ज्या जाहिराती देतात त्या तर विधिमंडळापुढे येणाऱ्या मागण्यांच्या पुस्तकातच नसतात. म्हणून २६ क्रमांकाचं उद्दिष्ट (खर्चाचा प्रकार सांगणारं उपशीर्ष), जाहिरात व प्रसिद्धी, प्रत्येक विभागात वेगळं शोधायचं. बंगल्यांच्या बाबतीत एकूण रकमेपेक्षा कागदांचा क्रम बोलका असतो: मूळ अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, आणि मग सुधारित प्रशासकीय मान्यता. पहिल्या आणि शेवटच्या कागदातला आकडा दुप्पट-तिप्पट झाला असेल तर पडद्यांची किंमत काढत बसायची गरज नाही. वाढीची मागणी कुणी केली आणि कुठलं काम ‘तातडीचं’ म्हणून निविदेविना दिलं, हे त्या फाइलीत असतं. माहितीच्या अधिकारात १० रुपयांत, ३० दिवसांत ते मिळायला हवं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नये. मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिच्यात लिहितात तिची, प्रत मागावी. गडबड असेल तर ती तिथेच सापडते.

आमदार निधी हा तर नेत्याच्या पसंतीचा थेट आरसा. स्थानिक विकास कार्यक्रमातली रक्कम महाराष्ट्रात २०२० ते २०२२ या तीन अर्थसंकल्पांत दरवर्षी एकेक कोटीनं वाढून २ कोटींवरून ५ कोटींवर गेली. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ धरले तर वर्षाला १,८३० कोटी. आमदार फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतो, असा नियम. तरी गावोगाव तेच दिसतं: पेव्हर ब्लॉक, सभामंडप, हायमास्ट दिवे, ओपन जिम, आणि त्यावर कामापेक्षा मोठा नामफलक. यामागे अडाणीपणा नाही, पक्का हिशेब आहे. पेव्हर ब्लॉक पंधरा दिवसांत बसतात, आचारसंहितेआधी फीत कापता येते, काम हवं तेवढ्या तुकड्यांत वाटता येतं म्हणून पाच कार्यकर्ते खूश होतात. गटाराची वाहिनी जमिनीखाली जाते. तिच्यावर नाव कोरता येत नाही. शिवाय हा निधी उभारणीचा आहे, देखभालीचा नाही, म्हणून ओपन जिमचं गंजलेलं यंत्र कुणाच्याच वहीत नसतं. एखाद्या आमदाराच्या पाच वर्षांच्या शिफारशींची यादी जिल्हा नियोजन कार्यालयातून काढली, त्यात जमिनीखालची कामं किती आणि जमिनीवरची किती एवढंच मोजलं, तरी त्याच्या शपथपत्रापेक्षा जास्त कळेल. आणि तारखा बघाव्यात. बहुतेक मंजुऱ्या मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात असतील तर ते नियोजन नव्हे. निधी व्यपगत होऊ नये म्हणून लावलेली विल्हेवाट आहे.

इथे कुणी म्हणेल, मग मोठ्या योजना काढणारे नेते चांगले का? तेही सरसकट नाही. २८ जून २०२४ ला महाराष्ट्राचा सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला, त्यातच लाडकी बहीण योजनेची, महिना १,५०० रुपयांची, घोषणा झाली. पंधरवडा उलटायच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, म्हणजे मूळ आकाराच्या सुमारे १५ टक्के. गरीब बाईच्या हातात थेट पैसे देणं हा वाया गेलेला खर्च नव्हे. ज्यांनी त्याला ‘रेवडी’ म्हणून हिणवलं त्यांना उद्योगांच्या वीजदर सवलती कधी रेवडी वाटल्या नाहीत. योजनेच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. पण पुरवणी मागणी ही अकल्पित खर्चासाठी असते. दोन आठवड्यांपूर्वी स्वतःच जाहीर केलेली योजना अकल्पित कशी? तो पैसा मूळ अर्थसंकल्पात दाखवला असता तर तूट तिथेच दिसली असती आणि कशाला कात्री लावायची यावर सभागृहात बोलावं लागलं असतं.

तुलनेला याच राज्याची रोजगार हमी योजना घ्यावी. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव भागात करून पाहिलेली कल्पना, १९७२ च्या दुष्काळानं तिला राज्यभर नेलं, १९७७ मध्ये कायदा झाला. पण कायद्याच्या दोन वर्षं आधी, १९७५ मध्ये, व्यवसाय कर आला होता: शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांच्या कमाईवरचा कर, खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी. कुणाला द्यायचं आणि त्यासाठी कुणाकडून घ्यायचं, दोन्ही एकाच दमात सांगितलं होतं. शहरी मतदार नाराज होणार हे माहीत असून. पगाराच्या चिठ्ठीवर आजही तो कर कापला जातो, आणि बहुतेकांना तो कशासाठी सुरू झाला हे ठाऊकही नसतं.

श्रीमंत नेत्यानं स्वतःच्या पैशानं काही केलं तर आपल्याला काय, हा शेवटचा मुद्दा. तत्त्वतः काहीच नाही. फक्त तो स्वतःचा आहे का, एवढं तपासावं. उमेदवारीच्या शपथपत्रात आता पती-पत्नी आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचे स्रोत, पाच वर्षांची विवरणपत्रांतली उत्पन्नं आणि सरकारी निवासाची थकबाकी द्यावी लागते. कमवता मुलगा, भाऊ, सून अवलंबित नसतात, त्यामुळे त्यांची मालमत्ता तिथे नसते, ही त्यातली मोठी फट. निवडणूक खर्चाचंही असंच. विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख ही मर्यादा उमेदवाराला. रोजचा खर्च पांढऱ्या, रोख गुलाबी आणि बँक पिवळ्या पानांवर लिहून निकालापासून ३० दिवसांत जमा करायचा, चहा-वडापावाचे दरही जिल्हा ठरवून देतो. इतकी काटेकोर व्यवस्था, आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं होतं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरा. काही आठवड्यांत वटहुकूम काढून आणि मग कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला.

न्यायालयानं असं पुन्हा एकदा हात घालून पाहिलं. १३ मे २०१५ ला निर्णय दिला की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कुणाचा फोटो नको. तेव्हा केंद्र आणि वेगवेगळ्या पक्षांची राज्यं, एरवी पाण्याच्या थेंबावरून भांडणारी, एकत्र न्यायालयात गेली. १८ मार्च २०१६ ला मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांचे फोटो परत आले. त्या सुनावणीत सगळ्या पक्षांनी मिळून जितक्या तळमळीनं आपली बाजू मांडली, तितक्या तळमळीनं कुठल्या रुग्णालयाच्या कापलेल्या तरतुदीसाठी ते एकत्र आल्याचं मला आठवत नाही.